डिप्रेशनच्या गोळ्या चालू, पण आजार डिप्रेशन नव्हताच: मानसिक आजाराचं निदान कुठे चुकतं

बायपोलर, म्हणजे मूड कधी एकदम खाली तर कधी एकदम वर जाण्याचा आजार, असलेल्या माणसाला आपल्याला नेमकं काय झालंय हे कळायला किती वेळ लागत असेल? २००० साली अमेरिकेतल्या पेशंट्सच्या एका संघटनेने बायपोलर असलेल्या आपल्या सभासदांनाच हे विचारलं होतं. १० पैकी जवळजवळ ७ जणांना आधी दुसरंच काहीतरी निदान मिळालं होतं, बहुतेक वेळा डिप्रेशन. बरोबर निदान होईपर्यंत सरासरी ४ डॉक्टर झाले होते, आणि एक तृतीयांशाहून जास्त लोकांची १० किंवा त्याहून जास्त वर्षं त्यातच गेली होती. विशीतल्या मुलाची दहा वर्षं म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी, लग्न, सगळं त्यात आलं. आणि तेवढी वर्षं गोळ्या खायच्या, वर घरच्यांकडून "एवढी औषधं चालू आहेत तरी तुझं काही बरं होत नाही" हेही ऐकायचं.

यात दर वेळी डॉक्टर निष्काळजी असतो असं अजिबात नाही. त्याच्यासमोर अर्धीच माहिती आलेली असते आणि अर्ध्या माहितीवरून चांगला अनुभवी डॉक्टरसुद्धा चुकीच्या ठिकाणी पोचतो. उरलेली अर्धी माहिती कुठे असते, ती डॉक्टरच्या खोलीपर्यंत का पोचत नाही आणि कशी पोचवायची, ते या लेखात सांगायचा प्रयत्न करतोय, कारण त्यातलं बरंचसं पेशंटच्या आणि घरच्यांच्या हातात आहे आणि ते कुणी सांगत नाही.

बायपोलरचंच आधी संपवू. या आजारात मूडची दोन टोकं असतात, एकीकडे डिप्रेशन आणि दुसरीकडे मेनिया, म्हणजे झोप न लागता प्रचंड उत्साह, बडबड, पैसे उधळणं, मी काहीही करू शकतो असं वाटणं. यातलं सौम्य रूप म्हणजे हायपोमेनिया, आणि ज्याला बायपोलर टू म्हणतात त्यात हे सौम्य रूपच येतं, पूर्ण मेनिया येत नाही. अमेरिकेत बायपोलर टू असलेल्या लोकांना सरासरी १३ वर्षं फॉलो करून त्यांच्या लक्षणांची आठवड्या-आठवड्याची नोंद ठेवली गेली. एकूण आठवड्यांपैकी निम्म्या आठवड्यांत डिप्रेशनची लक्षणं होती. हायपोमेनियाचे आठवडे किती? १ टक्क्याच्या थोडेसे वर. म्हणजे पेशंट डॉक्टरकडे येणार तो जवळजवळ नक्कीच खाली पडलेल्या काळात येणार, आणि जे एक-दोन टक्के निदान फिरवू शकतात ते त्या दिवशी कुणाच्या डोक्यातही नसणार.

समजा चोविशीतला एक मुलगा आहे, दोन महिने झाले नुसता पडून असतो, जेवण नाही, कामावर जात नाही. आई घेऊन येते. डॉक्टर विचारतात झोप कशी, भूक कशी, मरायचे विचार येतात का, आणि सगळी उत्तरं डिप्रेशनकडेच जातात. पण तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी हाच मुलगा आठवडाभर रोज तीन तास झोपून मंडळाचं सगळं काम एकट्याने करत होता, ऐपत नसताना उधारीवर डेकोरेशनची ऑर्डर दिली, रात्री दोनला मित्रांना फोन करून नव्या बिझनेसचे प्लॅन सांगायचा, आणि सगळे म्हणत होते काय पोरगा आहे. ते दिवस त्याला आजार वाटलेच नाहीत, उलट आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस वाटले, मग तो ते डॉक्टरला कशाला सांगेल? आईलाही ते आठवणार नाही, कारण तिने "काय होतंय" या प्रश्नाचं उत्तर दिलंय, आणि आत्ता काय होतंय तर पोरगा उठत नाहीये.

याचा परिणाम नुसता नाव चुकण्यापुरता राहत नाही. बायपोलरमध्ये नुसतं अँटीडिप्रेसंट दिलं, सोबत मूड स्थिर ठेवणारं लिथियमसारखं औषध दिलं नाही, तर काही पेशंट थेट मेनियात जातात. घरच्यांना वाटतं गोळी लागू पडली, पोरगा उठला, हसायला बोलायला लागला, आणि पंधरा दिवसांनी तो गाडी विकून आलेला असतो.

ही चूक कमी करायला मशीन लागत नाही. "कधी असे चार दिवस, आठवडा गेलाय का की झोप कमी लागूनही थकवा नव्हता, नेहमीपेक्षा जास्त बोलणं, जास्त खर्च, आणि आजूबाजूच्यांनाही ते जाणवलं?" हा एक प्रश्न डिप्रेशनच्या प्रत्येक पेशंटला विचारला पाहिजे, आणि घरच्यांना वेगळा विचारला पाहिजे. चार दिवस अशासाठी की हायपोमेनियाला निकष तेवढाच आहे, मेनियाला सात दिवस. यासाठी १३ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावलीही आहे, पेशंट बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या भरू शकतो. शिवाय घरात आणखी कुणाला बायपोलर होता का, डिप्रेशन फार लहान वयात सुरू झालं का, बाळंतपणानंतर काही झालं होतं का, अँटीडिप्रेसंट सुरू केल्यावर कधी अचानक "खूपच बरं" वाटलं होतं का, हे सगळं त्या एका निर्णयात वजन टाकतं.

आता जरा मागे जाऊन बघू की मुळात हे निदान होतं कसं. साखर मोजतात तसं डिप्रेशन किंवा स्किझोफ्रेनिया (भास, संशय होण्याचा दीर्घकाळ चालणारा आजार) रक्तात मोजता येत नाही, एमआरआयमध्येही दिसत नाही. डॉक्टरकडे दोनच गोष्टी असतात, एक म्हणजे हिस्ट्री आणि दुसरी म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं बोलणं, वागणं, विचारांची सुसंगती यांचं निरीक्षण. त्यामुळे कोण ऐकतंय आणि कुठल्या चष्म्यातून ऐकतंय याने फरक पडतो, आणि किती पडतो हे १९६० आणि ७० च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनच्या डॉक्टरांनी मिळून तपासलं. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल्समध्ये स्किझोफ्रेनियाचे पेशंट लंडनपेक्षा कितीतरी जास्त का, असा प्रश्न होता. त्यासाठी पेशंट्सच्या मुलाखतींच्या त्याच व्हिडिओ टेप्स दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवल्या. एका पेशंटच्या बाबतीत तर दोन तृतीयांशाहून जास्त अमेरिकन डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणाले आणि ब्रिटिश डॉक्टरांपैकी जवळजवळ कुणीच म्हणालं नाही. पेशंट तोच, टेप तीच. अमेरिकेत त्या शब्दाखाली खूपच जास्त लोक कोंबले जात होते.

यातूनच पुढे लिखित निकषांचा आग्रह धरला गेला आणि १९८० साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचं डीएसएम-३ हे निदानाच्या निकषांचं पुस्तक आलं, म्हणजे अमुक इतकी लक्षणं, अमुक इतके दिवस, तरच हे नाव द्यायचं. याने खूप फरक पडला, पण प्रश्न सुटला असं नाही. २०१३ साली डीएसएम-५ येताना दोन डॉक्टरांनी त्याच पेशंटला वेगवेगळं तपासलं तर एकमत किती होतं ते मोजलं. निव्वळ योगायोगाने जुळेल तेवढंच जुळलं तर ०, पूर्ण जुळलं तर १, अशी ती मोजणी असते. पीटीएसडीला, म्हणजे मोठ्या आघातानंतर होणाऱ्या आजाराला, ०.६७ मिळाले, ते ठीकच आहे. डिप्रेशनला, जो आपल्याला सगळ्यात ओळखीचा आजार वाटतो, त्याला ०.२८. कारण खरा पेशंट पुस्तकातल्यासारखा येत नाही, त्याला चिंता असते, दारू असते, थायरॉईड असतो, घरात भांडणं असतात, आणि एक डॉक्टर यातलं एक धरतो आणि दुसरा दुसरं. ठरलेल्या क्रमाने सगळे प्रश्न विचारायची मुलाखत घेतली की एकमत वाढतं, एमआयएनआय नावाची अशी मुलाखत साधारण १५ ते २० मिनिटांत होते. गर्दीच्या ओपीडीत तेवढीही मिनिटं मिळत नाहीत हे मान्य आहे, पण पहिल्या भेटीत ती दिली तर पुढची वर्षं वाचतात, आणि ही मुलाखत प्रशिक्षित सोशल वर्कर किंवा सायकॉलॉजिस्टही घेऊ शकतो. दर लाख लोकांमागे एक सायकियाट्रिस्टसुद्धा आपल्या देशात भरत नाही, त्यामुळे सगळं त्याच एका माणसाने करावं ही अपेक्षाच चूक आहे असं मला वाटतं.

निकष हातात असूनही आणखी एक अडचण राहते, ती म्हणजे पहिला अंदाज सुटत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०११ साली ७५ सायकियाट्रिस्ट आणि ७५ मेडिकल स्टुडंट्सना एक केस दिली, आधी त्यांचा अंदाज घेतला आणि मग विचारलं की आता आणखी कुठली माहिती बघायची आहे. १३ टक्के सायकियाट्रिस्ट आणि २५ टक्के विद्यार्थ्यांनी मुख्यतः आपल्याच अंदाजाला दुजोरा देणारी माहिती मागितली, आणि अशी माहिती मागणाऱ्या सायकियाट्रिस्टांपैकी ७० टक्के लोकांचं शेवटचं निदान चुकलं. ज्या सायकियाट्रिस्टांनी मुद्दाम आपल्या अंदाजाच्या विरुद्ध जाणारी माहिती शोधली त्यांच्यात चुकणारे २७ टक्केच होते. म्हणून "माझं निदान चुकीचं असेल तर मला काय दिसलं पाहिजे?" हा प्रश्न डॉक्टरने स्वतःला विचारणं ही अगदी फुकटातली गोष्ट आहे.

आणि हा पहिला अंदाज कागदावर एकदा चढला की मग तो कागदच पुढे चालतो. एका केसपेपरवर कुणीतरी घाईत "स्किझोफ्रेनिया" लिहिलं की पुढच्या हॉस्पिटलात "जुना पेशंट, स्किझोफ्रेनिया" होतं, आणि परत सुरुवातीपासून कुणी विचारत नाही. डीएसएमप्रमाणे स्किझोफ्रेनिया म्हणायला त्रासाची चिन्हं किमान ६ महिने हवीत, डब्ल्यूएचओच्या आयसीडी या आजारांच्या यादीप्रमाणे लक्षणं किमान १ महिना हवीत, त्यामुळे चार दिवसांपूर्वी बडबड सुरू झालेल्या मुलीला चौथ्या दिवशी हे नाव देता येतच नाही. भारतात असे पेशंट पुष्कळ दिसतात ज्यांना अचानक, दोन आठवड्यांच्या आत सगळं सुरू होतं, भास, संशय, रडणं, हसणं, आणि काही दिवसांत किंवा महिन्याभरात ओसरतंही. आयसीडीमध्ये याला वेगळं नाव आहे, अक्यूट अँड ट्रान्झियंट सायकोटिक डिसऑर्डर (सायकोसिस म्हणजे भास, संशय होऊन खरं काय ते कळेनासं होणं), आणि तो ३ महिन्यांच्या वर चालत नाही. अशा वेळी "सध्या सायकोसिस आहे, पुढे काय ते तीन-सहा महिन्यांनी ठरवू" असं लिहिणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. घरच्यांना ते अर्धवट उत्तर वाटतं, पण तेच त्या दिवशीचं खरं उत्तर असतं.

यापुढचा भाग सगळ्यात तातडीचा आहे, कारण यात जीव जातो. काही वेळा आजार मानसिक दिसतो पण असतो शरीराचा. रिचर्ड आशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ सालीच १४ पेशंट्सचं वर्णन केलं होतं ज्यांना वेडाची लक्षणं होती आणि मूळ होतं थायरॉईड कमी पडण्यात. आज टीएसएच ही टेस्ट तालुक्याच्या लॅबमध्ये होते, तरी डिप्रेशनच्या गोळ्या वर्षभर चालू आणि थायरॉईड एकदाही बघितलेला नाही असं होतं. बी-१२ कमी असणं आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये अगदी कॉमन आहे, त्याने मुंग्या येतात, विसरायला होतं, मन उदास होतं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी मेनिया होऊ शकतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी जे सायक्लोसेरिन देतात त्याने भास, संशय, डिप्रेशन सगळं होऊ शकतं, म्हणून चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव सायकियाट्रिस्टला कळलंच पाहिजे, "ती दुसऱ्या डॉक्टरची आहेत" म्हणून घरी ठेवून यायची नाहीत.

पाय मोडला म्हणून ॲडमिट केलेला पन्नाशीचा माणूस तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतो, अंगावर किडे चढतायत म्हणतो, पलंगावरून उतरून पळायला बघतो. वॉर्डात सगळे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. तो रोज क्वार्टर घ्यायचा आणि तीन दिवस मिळालेली नाही, हे बायकोला माहीत असतं पण लाजेने ती बोललेली नसते. दारू थांबल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत येणारी ही अवस्था वेळेवर ओळखली नाही तर माणूस दगावू शकतो आणि ओळखली तर बरा होतो. तसंच पंचाहत्तरीच्या आजोबांना आयुष्यात पहिल्यांदा खोलीत लहान मुलं दिसायला लागली तर ते म्हातारपणाचं वेड म्हणून सोडायचं नाही. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, किंवा ल्युई बॉडी डिमेन्शिया नावाचा आजार असू शकतो, आणि या शेवटच्या आजारात भास थांबवायच्या नेहमीच्या औषधांनी पेशंट एकदम आखडून जाऊ शकतो.

२००७ साली होजेप दाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी एनएमडीए रिसेप्टर एनसेफलायटिस हा आजार वर्णन केला, ज्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर हल्ला करते. पुढच्या वर्षी त्यांनी १०० पेशंट्सची माहिती मांडली, त्यात ९१ बायका आणि मुली, निम्म्याहून जास्त जणांना कुठेतरी गाठ, बहुतेक वेळा ओव्हरीत. बहुतेकांना सुरुवातीला सायकियाट्रिस्टकडेच नेलं होतं, कारण सुरुवातच संशय, भीती, विचित्र बोलणं याने होते, फिट्स आणि तोंडाच्या विचित्र हालचाली नंतर येतात. १०० पैकी ७५ जण बरे झाले किंवा थोडीशीच कसर राहिली. आपल्याकडे अशी मुलगी देवऋषाकडे किती दिवस फिरेल, तिथून वॉर्डात गेल्यावर "सायकोसिस" म्हणून किती दिवस पडून राहील, याचा विचार केला की पोटात गोळा येतो. त्यामुळे लक्षणं एकदम काही दिवसांत आली, सोबत ताप, फिट, डोकेदुखी किंवा गुंगी आहे, माणूस सकाळी बरा आणि रात्री पूर्ण गोंधळलेला आहे, कानात आवाज येण्यापेक्षा डोळ्यांना जास्त दिसतंय, किंवा आधी कधी काही नसताना चाळिशी-पन्नाशीनंतर हे पहिल्यांदा होतंय, तर आधी शरीर तपासून घ्यायचं, मनाचं नाव नंतर.

उलटी चूकही होते. ज्याच्या फाईलवर मानसिक आजार लिहिलाय त्याच्या छातीत दुखलं तरी "टेन्शनमुळे असेल" म्हणतात, पोटात दुखलं तरी तेच. अशा पेशंटच्या शरीराच्या तक्रारीला इतरांइतकंच गंभीरपणे घेतलं पाहिजे, ईसीजी काढायचा तर काढायचा.

घरच्यांकडून हिस्ट्री घ्या असं मी वर म्हणालो, पण त्याची दुसरी बाजू आपल्याकडे फार मोठी आहे. पेशंटऐवजी नातेवाईकच बोलतात. सून गप्प बसलेली, सासू सांगतेय "ही बोलत नाही, कामात लक्ष नाही, मध्येच ओरडते", नवरा बाजूला उभा. त्या खोलीत तिला मारहाण होते का हे कळणार कसं? मुलगा गांजा ओढतो का हे वडिलांसमोर तो कसा सांगेल? गांजाने होणारा सायकोसिस आणि मारहाणीनंतरचा पीटीएसडी या दोन्हीचं निदान याच एका कारणाने हुकतं. म्हणून प्रत्येक पेशंटला थोडा वेळ तरी एकटं भेटलंच पाहिजे, आणि डॉक्टर स्वतःहून "तुम्ही जरा बाहेर थांबा" म्हणाला नाही तर घरच्यांनी आपणहून उठावं.

भाषा आणि चालीरीतींनीही गोंधळ होतो. आपल्याकडे फार थोडे लोक "मला उदास वाटतं" म्हणत येतात. हातपाय गळून गेलेत, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, अंगात गरमी आहे असं म्हणत येतात, मग वर्षभर व्हिटॅमिनची इंजेक्शनं आणि सोनोग्राफी चालतात. दुसरीकडे अंगात येणं हे सरसकट आजार मानणंही चूकच, जत्रेत आरतीच्या वेळी येतं आणि उतरतं, त्या बाईला त्याचा त्रास नाही, गावाला ते ओळखीचं आहे, तर त्यात निदान करण्यासारखं काही नाही. तेच घरात, कधीही, तिच्या इच्छेविरुद्ध होत असेल आणि तिचं आयुष्य त्याने अडत असेल तर गोष्ट वेगळी. "तुम्हाला स्वतःला हे कशामुळे झालं असं वाटतं, घरचे काय म्हणतात, आधी कुणाकडे जाऊन आलात" असे प्रश्न विचारणारी १६ प्रश्नांची एक मुलाखत डीएसएम-५ मध्ये दिलेली आहे आणि तिची चाचणी ज्या ठिकाणी झाली त्यात पुणेही होतं.

पहिल्या भेटीला जाताना एक कागद घेऊन जा. त्यावर वर्षांची आडवी रेघ मारायची आणि कुठल्या वर्षी काय झालं ते लिहायचं, डिप्रेशनचे काळ रेघेच्या खाली, जास्त उत्साहाचे वर, कुठली औषधं कधी सुरू आणि बंद झाली, त्यांनी काय झालं, बाळंतपण, ॲक्सिडेंट, डोक्याला मार, फिट, दारू-गांजा, घराण्यात कुणी आत्महत्या केली असेल किंवा कुणी हॉस्पिटलात होतं तर तेही. झोपेचं मात्र वेगळं लिहा, कारण झोप सगळ्यात आधी बदलते आणि घरच्यांना ती दिसते. ऑनलाइन टेस्टचा स्कोअर नेला तरी हरकत नाही, पण त्या प्रश्नावल्या चाळणीसाठी असतात, स्कोअर जास्त आला म्हणजे आजार ठरला असं नसतं.

दोन-तीन वेळा डोस बदलून, नीट औषधं घेऊनही फरक पडत नसेल तर डॉक्टरला सरळ विचारा, "निदान परत एकदा तपासून बघता येईल का, आणखी काय असू शकतं?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्येही लिहिलंय की आधी कधीतरी उपचार झालेत किंवा ॲडमिट होता एवढ्यावरून आज आजार आहे असं ठरवता येणार नाही, आणि त्याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा पेशंटला हक्क आहे, म्हणजे दुसरं मत घ्यायला जाताना कागद मागून घेता येतात. पण निदान चुकलंय अशी शंका आली म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, लिथियम असो की अँटीडिप्रेसंट, एकदम थांबवल्याने जो त्रास होतो तोच नवीन आजारासारखा दिसतो आणि मग दुसऱ्या डॉक्टरलाही काही कळेनासं होतं. जवळ सायकियाट्रिस्ट कुठे आहे हेच माहीत नसेल तर सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.